बांधाकडच्या ओळी

शेळी मेली तेव्हा तिला सांगण्यात आलं की शेळी विकली. तिने ते मानलंही असतं, पण विकलेल्या शेळीचं दावं कोणी चुलीत घालत नाही. दोरीचा धूर घरभर झाला होता.

"आई, दावं का जाळलंत?"

"जुनं झालं होतं," सासू म्हणाली आणि लगेच, "तू बाहेर जा बघू. धूर लागेल पोटातल्याला."

असं गेले काही महिने चाललं होतं. मागच्या खेपेला सहाव्या महिन्यात मूल पोटातच गेलं होतं. का गेलं ते दवाखान्यात कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून ते घरच्यांनीच ठरवलं. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचं अंग लुळं पडल्याचा निरोप आला होता आणि ती रडली होती. "मनाला लावून घेतलं हिने," असं सासू आल्यागेल्याला सांगायची. सांगण्यात राग नसे. एखादं भांडं निसटून फुटलं, इतकंच. पण भांडं कोणाच्या हातून निसटलं, हे त्यात येतच होतं.

या खेपेला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला टेन्शन देऊ नका." तो मान डोलावून घरी आला आणि त्या दिवसापासून घरात तो कायदाच झाला. वाईट काही तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ती आत आली की बोलणं थांबे. फोन वाजला की तो अंगणात जाई, अंगणात ती असली तर गोठ्यामागे. मग ती चेहरे वाचायला शिकली. सासूने न मागता चहा आणून दिला म्हणजे काहीतरी झालं. नवऱ्याने "बरं वाटतंय ना?" असं दोनदा विचारलं म्हणजे चहापेक्षा मोठं झालं. पूर्वी तिला जे घडलं त्याचीच काळजी असायची. आता जे घडलं नसेल त्याचीही लागली.

घरामागे रेशीमकिड्यांची शेड होती आणि तिच्यापुढे तुतीचं शेत. शेडमध्ये एकावर एक असे मोठे रॅक होते आणि त्यांवर तुतीच्या फांद्यांच्या थरात पांढऱ्या अळ्या. गावात नवऱ्याला सगळे 'रेशीमवाला' म्हणत, तोंडावर मानाने आणि मागे जरा हसून, कारण हा माणूस अळ्यांशी हळू आवाजात बोलायचा. अळ्यांना गोंगाट चालत नाही. वास चालत नाही. फोडणीचा धूर, सुगंधी तेल, तंबाखू, काही नाही. ऊन लागू नये म्हणून खिडक्यांवर ओली पोती टांगायची आणि ती वाळली की पुन्हा भिजवायची. माशी जाऊ नये म्हणून दाराला जाळी. आत जाताना दारातल्या चुन्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवायचे, हात धुवायचे.

"मला पण एक रॅक द्या," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. "मीपण गप पडून पाला खाते."

"आणि कोष?"

"करीन की. आतून कडी लावून घेईन."

तो हसला. त्या उन्हाळ्यात त्याला हसताना तिने पाहिलं ते एवढंच.

शेडमध्ये तिला बरं वाटे हे मात्र खरं. चौथी कात टाकून अळ्या उठल्या की त्यांची भूक दांडगी होते. कोष करण्याआधीच्या त्या शेवटच्या दिवसांत त्या जन्मभराचं खाऊन घेतात. रॅकपाशी उभं राहिलं की शेजारच्या खोलीत कोणीतरी सावकाश कागदाच्या घड्या घालत असल्यासारखा आवाज सतत येत राहतो. त्या आवाजात पोटातलंही हलायचं. एक हात रॅकच्या बांबूवर आणि एक पोटावर ठेवून ती उभी राही. इथे तिच्यापासून कोणी काही लपवत नव्हतं. अळीला भूक लागली की ती डोकं वर करून हवेत फिरवते. पाला टाकला की खाली घालते.

तुतीच्या शेताला लागून नवऱ्याच्या चुलत्याचं शेत होतं. त्याला गाव 'बांधकोऱ्या' म्हणे, कारण दर नांगरटीला त्याचा नांगर बांध थोडा कोरायचाच. तरी इतकी वर्षं निभावलं होतं. त्याच्या वांग्यांवर फवारणी असली की आदल्या दिवशी काकू बांधावर येऊन हिला सांगायची, "उद्या मारणार आहेत गं. इकडच्या ओळी सोड." औषध वाऱ्याने तुतीवर येतं आणि तसला पाला खाल्ला की अळी जगत नाही. हे दोन बायकांमधलं काम होतं. पुरुषांना त्याची खबरही नसायची, कारण त्यांच्यापर्यंत कधी काही बिघडून आलंच नव्हतं.

या उन्हाळ्यात बांध इतका कोरला गेला की कडेची तुतीची झाडं मुळासकट उघडी पडली. नवऱ्याने मोजणीचा अर्ज केला. दोन घरांचं बोलणं तुटलं. तो तिला म्हणाला, "काकूकडे जायचं नाही आता. त्या काहीतरी बोलतील, तुला त्रास होईल."

"काकू काय बोलणार मला?"

"नाही जायचं म्हणतो ना."

ती गेली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ती दुपारची आडवी झाली होती तेव्हा, बांधावरून हाक आली. नवरा उठला. दारात थबकला, परत आला आणि त्याने आपला फोन तिच्या उशाशी ठेवला. नर्सबाईंनी एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं, मन शांत करण्याचं. ते त्याने लावलं, वायरी तिच्या कानात घातल्या आणि आवाज वाढवला.

"आत्ता?"

"रोज ऐकायला सांगितलंय. डोळे मीट."

कानात एक बाई गोड आवाजात बोलू लागली. तुम्ही समुद्रकिनारी आहात. लाटा येत आहेत, लाटा जात आहेत. तिने समुद्र पाहिला नव्हता. तिने त्या जागी गावाबाहेरचं तळं ठेवलं. तळ्यात म्हशी होत्या. म्हशींना लाटांचं काही नव्हतं. लाटांच्या मागे पुरुषांचे आवाज चढत होते, पण शब्द कळत नव्हते. तुम्ही सुरक्षित आहात, बाई म्हणाली.

बांधावर चुलता म्हणत होता, "परवा वांग्यावर मारतोय मी. पाला जपा. मागनं म्हणाल काकाने मारलं. तसंही तुमच्या घरात काही टिकत नाहीच, पोटातलंसुद्धा."

नवऱ्याने ढेकूळ उचललं, पण मारलं नाही. हातातच चुरलं.

तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तिने वायरी काढल्या.

"काय झालं?"

"काही नाही. म्हैस आली होती बांधावर."

"काकांची म्हैस तर गाभण आहे. ती गोठा सोडत नाही."

"दुसऱ्या कोणाची तरी." मग तो म्हणाला, "बरं वाटतंय ना?" आणि पाण्याचा तांब्या ठेवताना पुन्हा म्हणाला, "बरं वाटतंय ना?"

दोनदा झालं, तिने मोजलं.

चुलीपाशी त्याने आईला सगळं सांगितलं. म्हातारीने कपाळावर हात मारला. "जळो त्याची जीभ. हिला कळलं तर हिचं पुन्हा तसंच होईल."

"कळू द्यायचं नाही."

"आणि फवारणीचं?"

"ते सांगितलं तर कोणी सांगितलं, कधी सांगितलं, सगळं विचारेल. ती वकिलासारखी विचारते. मीच तोडतो पाला, तिला शेतात जाऊच देत नाही म्हणजे झालं."

फवारणीच्या दिवशी त्याने तिला दिवसभर घरात ठेवलं. ऊन फार आहे म्हणाला. ऊन होतंही.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले येणार म्हणून त्याला तालुक्याच्या कचेरीत जाऊन त्यांना आणायचं होतं. हेही तिला सांगायचं नव्हतं. "चंद्रिका आणायला जातोय," तो म्हणाला. चंद्रिका म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळ्या. त्या माळ्यावर रचून ठेवलेल्या होत्या आणि आदल्या आठवड्यात तिनेच धुऊन वाळवल्या होत्या. ज्याला खोटं नीट बोलता येत नाही त्याला आणखी खोटं बोलायला लावू नये, असं तिला वाटलं.

जाण्याआधी त्याने लांबच्या टोकाच्या उरलेल्या फांद्या तोडून शेडच्या सावलीत ढीग घातला आणि वर ओलं पोतं टाकलं. तिकडच्या ओळी आता बोडक्या झाल्या होत्या. आईला म्हणाला, "दिवसभराला पुरेल. तिला तोडायला जाऊ देऊ नको."

सासूने तिला सांगितलं, "आज तू तोडायला जायचं नाही."

"का?"

"नाही जायचं. तो आला की बघेल."

रोज असंच काही ना काही होतं. वाकू नकोस, उचलू नकोस, उन्हात जाऊ नकोस. आणि तरी धुणं होतं, शेण होतं, पोती भिजवणं होतं. मनाई नेमकी ज्या कामात तिला बरं वाटे त्याला होती. तिने हो म्हटलं.

दुपारी सासू दळण घेऊन गिरणीवर गेली. तिने दुपारचा पाला टाकायला पोतं उचललं तर आतून गरम वाफ आली. वारा पडला होता आणि ढिगात पाला उबला होता. पानं मऊ, काळपट, हाताला चिकट. असा पाला अळी खात नाही आणि खाल्ला तर रोग येतो. वरच्या काही फांद्या बऱ्या निघाल्या. त्या तिने टोकाच्या रॅकवर टाकल्या. बाकीच्या रॅकवर नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि अळ्या डोकी वर करून फिरवत होत्या. सगळ्या रॅकवर, एकदम.

ती बघत राहिली. मग तिने कोयता घेतला.

बांधाकडच्या ओळी शेडला जवळच्या. पाला कोवळा, टवटवीत. तिने वाकून पहिली फांदी धरली तेव्हा तिला वास आला. तिखटसर, गोडसर, नाकाच्या मुळाशी बसणारा. ती थांबली. तिने पान चुरून हुंगलं.

पण गेले कितीतरी महिने तिला सगळ्याचाच वास येत होता. नव्या साबणाचा, नवऱ्याच्या चपलांचा, पाण्याच्या हंड्याचा. रॉकेलचा वास येतो म्हणून तिने एकदा सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं आणि रॉकेल निघालं नाही. "पोटुशीला भास होतात," सासू तेव्हा म्हणाली होती. नवऱ्याने नर्सबाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या, होतं असं, लक्ष देऊ नका. आणि फवारणी असती तर काकूने सांगितलं असतं. काकू बोलत नव्हती, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

तिने लक्ष दिलं नाही.

भारा डोक्यावर घ्यायचा नव्हता, म्हणून तिने फांद्या कवेत घेऊन पोटाशी धरून आणल्या. पुन्हा गेली, पुन्हा आणल्या. अंगातला कपडा घामाने भिजला होता आणि पानं त्याला चिकटत होती. चुन्यात पाय बुडवले, हात धुतले, पाला टाकला. डोकी खाली गेली. कागदाच्या घड्यांचा आवाज सुरू झाला. ती बांबूला टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, निदान आज काहीतरी आपल्या हातून झालं.

आवाज कमी झाला तो तिला आधी कळलाच नाही. पोट भरलं असेल, असं वाटलं. मग जवळच्या रॅकवर अळ्यांनी पुन्हा डोकी वर केली. पाला समोर होता तरी. डोकी नुसती वर नव्हती, मागे वळत होती. एका अळीच्या तोंडातून हिरवं पाणी आलं. मग दुसरीच्या. अळ्या अंग आखडून घेत होत्या, पिळत होत्या आणि रॅकच्या कडेवरून खाली पडत होत्या. सिमेंटवर पडल्याचा आवाज येत होता, बारीक, ओला.

ती पडलेल्या अळ्या वेचून पुन्हा पाल्यावर ठेवू लागली. सासू गिरणीवरून आली तेव्हाही ती तेच करत होती.

सासूने दारातूनच विचारलं, "पाला कुठनं तोडलास?"

"बांधाकडनं."

सासूच्या डोक्यावरचं पिठाचं घमेलं तसंच राहिलं. तिने ते खाली ठेवलंच नाही. "मी सांगितलं होतं, तोडायला जाऊ नको म्हणून."

"का ते सांगितलं नव्हतंत."

"तुला सांगून..." म्हातारी बोलता बोलता थांबली. मग तिच्या तोंडाचा बांधच फुटला. फवारणी, चुलता, बांध, मोजणी, शेळीसुद्धा. चुलत्याचं ते वाक्यही. पोटातलंसुद्धा. हे बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात घेतला, पण घमेलं डोक्यावर असल्यामुळे एकच.

ती ऐकत होती. मग तिने स्वतःच्या कपड्याकडे पाहिलं. पोटावर हिरवे डाग होते. एक पान अजून चिकटलेलं होतं. तिने ते सोलून काढलं.

"आई, पाणी काढा. मला अंघोळ करायची आहे."

तिने अंग घासलं ते कातडी लाल होईपर्यंत. नवरा दिवस मावळता आला. मोजणीवाले आलेच नव्हते. तो शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हाताला चुना होता.

"टोकाचा रॅक वाचलाय," तो म्हणाला. तिच्याकडे बघून नाही, दाराच्या चौकटीकडे बघून. "तुला सांगितलं नाही ते तुला टेन्शन नको म्हणून."

"माहीत आहे."

"तुझ्याच भल्यासाठी."

"माहीत आहे म्हटलं ना."

"बरं वाटतंय ना?"

पोटातलं दुपारपासून हललं नव्हतं. संध्याकाळी या वेळेला ते हमखास लाथा मारी. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि हातांखाली काही नव्हतं, नुसतं वजन. हे सांगायचं म्हणजे काळजी वाटते असं सांगायचं. आणि काळजी हाच तर या घरात तिच्यावरचा आरोप होता. उद्या काही झालंच तर सासू सांगेल, हिने मनाला लावून घेतलं.

"बरं वाटतंय," ती म्हणाली.

उजाडल्यावर मात्र तिला राहवलं नाही. चहाचा कप तसाच ठेवून ती म्हणाली, "मला केंद्रात न्या. हलत नाही."

"कधीपासून?"

"कालपासून."

"आणि आत्ता सांगतेस?" त्याचा आवाज चढला आणि मधेच उतरला. तो गाडी काढायला गेला.

रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला तो मागे न बघता "सांभाळून" म्हणे, जणू गाडी ती चालवत होती.

नर्सबाईंनी आधी दंडाला पट्टा बांधला. "वाढलंय की प्रेशर. घरी काही ताण आहे का?"

"नाही बाई," नवरा म्हणाला. "आम्ही तिला काही कळूच देत नाही."

"छान," नर्सबाई म्हणाल्या. पोटावर यंत्र ठेवलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. खोलीत नुसती खरखर येत होती. नवरा भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं चित्र बघत उभा होता. ती नर्सबाईंचा चेहरा बघत होती. चेहरे तिला आता वाचता येत होते. त्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि काही नसणं हेच वाईट.

मग ठोके लागले. घोडा दुडक्या चालीने जावा तसे.

"आहे," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी श्वास सोडला तेव्हा तिला कळलं की त्यांनीही धरला होता.

तिने तेव्हा सांगितलं. फवारलेला पाला, कवेत धरलेला, घाम, सगळं. नर्सबाईंनी चक्कर, उलटी, लाळ, डोळ्यांची आग विचारली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात आजच दाखवून यायला सांगितलं.

"बाळाला काही होईल का?"

"ठोके चांगले आहेत. बाकीचं मी आत्ता सांगू शकत नाही."

हे ऐकून तिला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांत तिला कोणी 'सांगू शकत नाही' असं म्हटलं नव्हतं.

पण नर्सबाई हात धुता धुता नवऱ्याकडे वळल्या. "आणि काय हो, असल्या अवस्थेत हिला हे सगळं सांगायची काय गरज होती? प्रेशर त्यानेच वाढलंय."

नवऱ्याने मान खाली घातली. "चुकलं बाई. आईच्या तोंडून गेलं."

"इथून पुढे जपा."

"जपतो."

ती टेबलावरून उतरत होती. उतरायला कोणी हात दिला नाही, कारण दोघं तिच्याबद्दल बोलत होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यातही ठोके लागले. तिथले डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, हालचाल मोजा. परतताना एका खड्ड्याला पोटात काहीतरी आळसाने वळलं. तिने नवऱ्याला सांगितलं नाही. सांभाळून, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोठ्यामागे खड्डा खणला. मेलेल्या अळ्या घमेल्याने आणून आत टाकत होता. दीड दिवसात त्या काळ्या पडल्या होत्या आणि वास सुटला होता. हा वास मात्र सगळ्यांना येत होता. सासू नाकाला फडकं लावून चुना टाकत होती. आणखी चार दिवस मिळाले असते तर याच अळ्या पिवळ्या होऊन कोषाला चढल्या असत्या.

"बाकीच्यांचं आता होईल ते होईल," सासू म्हणाली, कोणाला ते न सांगता. "एकेकीचा पायगुण."

ती ऐकून चालू लागली. तुतीतून, ओळीच्या मधून, सरळ बांधाकडे. मागे नवऱ्याचं फावडं थांबलेलं तिला ऐकू आलं. "अगं, तिकडे कुठे?" तिने वळून पाहिलं नाही.

चुलता वांग्यात बसून कीड बघत होता. तिला पाहून उठला. वयाने वाकलेला, कमरेला पंपाचा पट्टा. दूर खोपीच्या दारात काकू उभी होती. पुढे आली नाही, आतही गेली नाही.

"काका."

"मी सांगितलं होतं, सूनबाई. तुझ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. विचार त्याला."

"विचारलं. काय सांगितलं होतंत?"

"हेच. मारतोय म्हणून. पाला जपा म्हणून."

"आणि?"

"आणि काय?"

"जसं म्हणालात तसं सगळं सांगा. मला अर्धंच कळलं."

त्याने पट्ट्याचं बक्कल उघडलं, पुन्हा लावलं. "रागात माणूस काहीही बोलतो."

"मग तेच काहीही सांगा. इथे मीच आहे." तिने पोटावर हात ठेवला. "आणि हे आहे."

तो वांग्यांकडे बघू लागला. एका झाडाचं किडकं फळ त्याने तोडलं आणि हातात फिरवत राहिला. बांधावर ओरडून सांगितलेलं वाक्य त्याला आता दोन हातांवरून सांगता येईना.

"जीभ घसरते पोरी," तो शेवटी म्हणाला.

"तुमची जीभ घसरली ती मला लागेल, म्हणून घरच्यांनी फवारणीचंही सांगितलं नाही. एका दमात बोललात ना. त्यांना वेगळं करता आलं नाही."

त्याने हातातलं किडकं फळ बांधावर टाकलं.

"औषध कुठवर आलं असेल?"

"वारं होतं त्या दिवशी." हे त्याला सांगता येत होतं, म्हणून तो घाईने सांगू लागला. "तुमच्या मोटारीच्या खांबापर्यंत धर. खांबाच्या अलीकडचं काही तोडू नको. पलीकडचं चालेल, पण धुऊन, आणि आधी चार अळ्यांना घालून बघ."

"पुढचं कधी?"

"कीड हटली नाही तर आठवड्याने. संध्याकाळचं मारीन. संध्याकाळी वारं तुमच्या उलट्या बाजूला जातं."

"मला सांगत जा. मला. शिवी द्यायची असली तर तीही मलाच द्या, पण आधी दिवस सांगा."

काकूने खोपीच्या दारातून हाक मारली, "पाणी पितेस का गं?" ती म्हणाली, "नको. काम आहे." खरंच काम होतं. लांबच्या ओळींतला उरलासुरला पाला रात्री संपला होता आणि टोकाच्या रॅकवरच्या अळ्या सकाळपासून उपाशी होत्या.

ती परत आली तेव्हा नवरा तुतीच्या कडेला कोयता घेऊन उभा होता. पाय चुन्याने पांढरे, कपाळावर घाम.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"इतका वेळ काही नाही?"

"तुम्हाला कशाला टेन्शन," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं. ती शेडकडे गेली, चुन्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवले, हात धुतले आणि जाळीचं दार लोटून आत जाऊन उभी राहिली. टोकाच्या रॅकवर डोकी वर झाली होती. तिने हात पोटावर ठेवला आणि वाट बघितली. आत एक टक्कर बसली, बारीक.

बाहेर तो तसाच उभा होता. लांबच्या ओळी बोडक्या, बांधाकडच्या विषारी, आणि मधे सगळं हिरवंगार, एकसारखं. तो एका ओळीपाशी गेला. फांदी धरली, सोडली. दुसरीपाशी गेला. पान चुरून हुंगलं. मग तो जाळीपाशी आला. अळ्यांसाठी बोलायचा तसा हळू आवाज काढून म्हणाला, "कुठनं तोडू?"

तिने लगेच सांगितलं नाही.